आक्का, हूं म्हणायला आम्ही आहोत

प्रिय आक्का,

उद्या तुला जाऊन वर्ष होईल. घर भरेल, कागलहून पावणं येतील, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या लागतील आणि मला तुझ्याशी बोलायला सवड मिळणार नाही. म्हणून आजच लिहितेय. शिवाय परवा रविवारी तुझ्या खानावळीत जे झालं, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तूच सगळ्या गल्लीला सांगत फिरायचीस ना!

माझी सख्खी आत्या तू, पण जेवायला येणारी सगळी पोरं आक्का म्हणायची म्हणून मीही आक्काच म्हणत राहिले. तुला ते आवडायचं की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं बघ.

हनान आठवते ना? आठवते का म्हणून काय विचारतेय मी! सुदानहून फार्मसी शिकायला आलेली, पहिल्याच घासाला तुझा खर्डा खाऊन डोळ्यांतून धारा लागलेली. सुट्टीला घरी गेली आणि तिथं यादवी पेटली. शहर सोडून, आईला घेऊन, चालत सरहद्द गाठली तिनं. आईला छावणीत मावशीजवळ ठेवून ती शिकायला परत आली, ती निम्मी होऊन. वडिलांचं नाव काढत नव्हती.

आम्ही सगळ्यांनी तिला किती प्रश्न विचारले असतील! कशा आलात, काय बघितलंस, बाबा कुठं आहेत? तू भाकरी थापता थापता ओरडलीस, "गप बसा की रं! पोरगी हाय का साक्षीदार? तिला इचारायचं न्हाय. आपलं आपलं सांगायचं. तिचं तिला आलं तर यील."

आमची रविवारची बैठक त्यातूनच सुरू झाली. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते, तेव्हा मी, समीर आणि कॉलेजातली चारदोन टाळकी तुझ्या बाकांवर बसून गोष्टी सांगायचो. पुरात अडकलेल्या म्हशीची, समीरच्या आजोबांच्या हातमागाची, काय वाट्टेल ती. युद्धातून आलेली आणखी एक-दोन मुलं येऊ लागली आणि हळूहळू बोलूही लागली. हनान मात्र यायची, ऐकायची, चहाचे कप विसळायची आणि खोलीवर जायची. तू गेलीस तरी तिनं एक रविवार चुकवला नाही.

आणि परवा ती म्हणाली, "आज मी सांगते."

आक्का, आमची काय धांदल उडाली म्हणून सांगू! समीरनं सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. पंखा खडखडतो म्हणून तोही बंद केला. कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. एवढी मोठी गोष्ट, तिचा मान राखायला नको?

हनाननं सुरुवात केली. हिंदी, इंग्रजी आणि तुझ्याकडून उचललेलं मराठी, सगळं मिसळून. आईनं घरातलं काही घेतलं नाही, कॉफीचं मातीचं भांडं तेवढं साडीसारख्या वस्त्रात गुंडाळून काखेत धरलं. एवढं सांगून ती थांबली. आमच्याकडं बघितलं. आम्ही दगडासारखे गप्प. आणखी एक वाक्य बोलली, पुन्हा थांबली. आणि उठलीच. "तुम्ही कंटाळलात. राहू दे," म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

आज ही गेली तर पुन्हा कधीच सांगणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पण बोलावं काय?

आणि मला तू आठवलीस. दुपारी खानावळ आवरल्यावर आपण लसूण सोलत बसायचो. तू गोष्ट सांगायचीस आणि मी पेंगायला लागले की कोपरानं ढोसायचीस. "हूं म्हण की गं! मी काय भिंतीसंगं बोलाय लागलोय व्हय?" हुंकार थांबला म्हणजे ऐकणारा झोपला, आणि झोपलेल्याला गोष्ट सांगायची नाही, हा तुझा कायदा. आणि आम्ही शहाणे मान राखायच्या नादात सगळेच्या सगळे झोपून गेलो होतो!

"हूं," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच. "मग? कॉफीचं भांडं घेतलं. मग?"

हनाननं वळून बघितलं. समीरला काय कळलं कुणास ठाऊक, तोही म्हणाला, "हूं." मग सगळेच.

ती हातात चप्पल घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडंपण असंच. आजी गोष्ट सुरू करायची तेव्हा आम्ही उत्तर द्यायचं. उत्तर नाही, तर गोष्ट नाही." आणि खाली बसली.

मग तिनं सांगितलं. वाटेत एका झाडाखाली अनोळखी माणसं बसली होती, तिथं आईनं मूठभर बियांची कॉफी केली आणि सगळ्यांना घोट घोट दिली. हूं. आणि त्याच्याही आधी, घरातून निघताना वडील गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आले. "कबुतरांना दाणे टाकून येतो, तुम्ही पुढं व्हा," म्हणाले. हूं. ते आलेच नाहीत. अजून काही कळलेलं नाही. "मी मागं वळून बघितलं नाही," हनान म्हणाली, "कारण ते येतो म्हणाले होते."

तिथं समीर ढसाढसा रडायला लागला. आमचाही हूं थांबला. तर हनाननं, स्वतःचे डोळे पुसत, त्याला कोपरानं ढोसलं. "समीर! हूं म्हण की!"

अगं, तुझाच सूर! रडता रडता आम्ही सगळे हसलो. ती पण हसली, आक्का. घरून परत आल्यापासून पहिल्यांदा मी तिचे दात बघितले. नंतर तिनं खर्डा मागितला, शिळ्या भाकरीबरोबर, आणि चांगला दोनदा वाढून घेतला.

वडिलांची बातमी अजून नाही, ते दुःख आहे तिथंच आहे. पण काल सकाळी तिनं छावणीत आईला फोन लावला आणि बैठकीचं सगळं सांगितलं. येत्या रविवारी तिची आई फोनवरून आम्हाला लहानपणची एक गोष्ट सांगणार आहे. आम्हाला शब्द कळणार नाहीत. हनान मध्ये मध्ये सांगेल. हूं मात्र आम्ही म्हणणार, चांगलं खणखणीत.

एका गोष्टीसाठी मात्र रागावलेय तुझ्यावर. राजाच्या, भुताच्या, म्हशीच्या सगळ्या गोष्टी सांगितल्यास, तुझी स्वतःची कधी सांगितली नाहीस. एकटीनं ही खानावळ कशी उभी केलीस, कुठं कुठं रडलीस? तुला हुंकार द्यायला कुणी बसलं होतं का गं?

वचन देते आक्का, तुझ्या बाकांवर कुणीही सांगायला बसलं, कुठल्याही मुलखातून आलेलं, कितीही अडखळणारं, तरी हुंकारावाचून त्याची गोष्ट अडणार नाही.

आता हे पत्र तुझ्या फोटोपुढं बसून मोठ्यानं वाचणार आहे. मध्ये मध्ये थांबून कानही देईन. तुझा हूं आला नाही, तर समजेन तुला झोप लागली. आयुष्यभर चारला उठून पीठ मळलंस. या वेळी मी ढोसणार नाही.

तुझी बडबडी भाची,
सुजाता