चार्जर माझ्या पिशवीत आहे

भूषण,

मी खर्डीला मावशीकडे भाताच्या लावणीला चाललीय. निघायच्या आधी दोनदा येऊन बघितलं, तू झोपलेलाच होतास म्हणून उठवलं नाय. भाकऱ्या टोपलीत आहेत, कालवण गरम करून घे. डॉक्टरांची गोळी जेवल्यावरच घे. लॅपटॉपचा चार्जर शोधत बसू नको, तो माझ्या पिशवीत आहे.

खेड्यातल्या बायकांच्या तब्येतीसाठी ॲप बनवतोस, काम चांगलंच आहे रे, मी कुठं नाय म्हणते? पण काल लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता खुर्चीवरून खाली पडलास, तेव्हा तोंडावर पाणी मारायला मीच होते.

सकाळी तुझ्या सरांचा फोन आला, तो मी उचलला. पोरगा आजारी आहे म्हटलं, तर म्हणतात, "काळजी घ्या आई, आम्ही सगळे एक फॅमिली आहोत. दुपारच्या मीटिंगला बसेल ना तो?"

मी म्हटलं, "फॅमिली आहात ना, मग या की लावणीला. दोन माणसं कमी पडतायत."

त्यांनी फोनच ठेवला.

तू मात्र येऊ नको. तू घरचा आहेस, नाय आलास तरी चालतं. झोप.

आई