हळदीच्या रंगाचं पिल्लू

आई, माझ्या घरात दहा साप जन्मले, आणि त्यातला एक असा रंग घेऊन आला की मी त्या दिवशी कामावर गेलेच नाही. तू असतीस तर पदर तोंडाला लावून मागे सरकली असतीस. दिवेलागणीनंतर तू साप हा शब्दही उच्चारायची नाहीस, लांबडं म्हणायचीस. पण हे बिनविषारी, वीतभर लांब, कॉर्न स्नेक नावाचे. इथं लोक हौसेने पाळतात, त्यांच्यात नवनवे रंग काढतात. मी दिवसभर स्टुटगार्टच्या एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासते आणि घरी आले की यांच्यात रमते. यंदाच्या अंड्यांचे नर-मादी दोघंही साधे नारिंगी. दोन महिने अंडी उबेच्या पेटीत होती. त्या सकाळी एका अंड्याला चीर पडली, नाकाचं टोक बाहेर आलं, आणि ते ओल्या हळदीसारखं पिवळं होतं. मग अंगावरचे फिकट जांभळे पट्टे दिसले. मी लेकीला हाक मारली. ती बारा वर्षांची आहे, माझं मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. ती धावत आली आणि पेटीसमोर गुडघे टेकून बसली. आई-बापाच्या अंगावर कुठेच नसलेला रंग पिल्लात उगवतो तेव्हा काय होतं, ते तुला सांगावंसं वाटलं.

कारण तूही हेच करायचीस. जालन्याकडच्या कपाशीच्या बियाणं-प्लॉटवर संध्याकाळी कळ्या सोलून ठेवायच्या, सकाळी नराचं फूल आणून त्यांच्यावर फिरवायचं, आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा दिसला की ते बोंड हायब्रीड. मी नऊ वर्षांची आहे, तुझ्या मागे मागे फिरते आहे, आणि लवकर घरी जाता यावं म्हणून न फिरवलेल्या फुलांनाही दोरे बांधत सुटले आहे. तुझ्या लक्षात आलं. तू मारलं नाहीस. अख्खी ओळ पुन्हा हुडकायला लावलीस, आणि जिथं शंका होती ते प्रत्येक फूल माझ्याच हाताने तोडायला लावलंस. ऊन डोक्यावर आलं तरी आपण तिथंच होतो. मी रडत म्हटलं, कुणाला कळणार होतं? तू म्हणालीस, "सरकी बघून कुणाला काय कळतं गं? आपण सांगू तेच शेतकरी पेरतो."

पिल्लाचा फोटो मी आमच्या साप पाळणाऱ्यांच्या मंडळात पाठवला. तिथले एक सत्तरीचे गृहस्थ, ज्यांनी मला हे सगळं शिकवलं, दुसऱ्याच दिवशी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, आले आणि आमच्या चढावरच्या पायऱ्या चढून धापा टाकत दारात उभे राहिले. तीस वर्षं त्यांनी सापांचं एकच घराणं चोख राखलंय. पिल्लू हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग त्यांनी खिशातून भिंग काढलं, पिल्लू उलटं केलं आणि शेपटीच्या अलीकडचा शेवटचा खवला मला दाखवला. कॉर्न स्नेकचा तो मधोमध दुभंगलेला असतो. याचा अखंड होता, किंगस्नेकसारखा. ही वेगळीच जात, इतर सापांना खाणारी. पाळलेल्यांमध्ये दोन्हींचा संकर होतो, आणि दोन पिढ्यांनी वरून काही ओळखूही येत नाही. ज्याच्याकडून मी जोडी घेतली होती त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, आल्झो, म्हणजे त्यांची आजी किंगस्नेक होती, त्यात काय एवढं?

म्हणजे दहाच्या दहा मिश्र. मी म्हटलं, निदान बाकीचे नऊ तरी हुबेहूब कॉर्न स्नेक दिसतात. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हातारबुवा म्हणाले. "म्हणूनच मला त्यांची जास्त भीती वाटते." एकदा ते शुद्ध म्हणून गेले की दहा वर्षांनी कुणाचं घराणं चोख, हे कुणालाच सांगता येणार नाही. तुझ्या प्लॉटवर ज्या ‘हायब्रीड’ शब्दाला मान होता, तो शब्द उच्चारताना त्यांनी आवाज खाली आणला. मला एकदम हसू फुटलं. त्यांना कपाशीची गोष्ट सांगितली तेव्हा तेही हसले.

दीड महिन्याने सापांचा बाजार भरला, तेव्हा माझ्या नऊ डब्यांवर ठळक अक्षरांत होतं: मिश्र, किंगस्नेकचं रक्त. बरेच जण वाचून पुढे गेले. एकाने मला चांगलं सुनावलं. शेजारच्या टेबलावरून म्हातारबुवांनीच एका विद्यार्थिनीला माझ्याकडे धाडलं. तिला नुसता पाळायला हवा होता, पिल्लं काढायची नव्हती. संध्याकाळपर्यंत चार गेले, चारही सगळी हकिगत ऐकून. पिवळं मी ठेवून घेतलं. त्याची वीण वाढवायची नाही, हे ठरलंय. पण आई, काल त्याने कात टाकली आणि रंग असा उजळला की मी कॉफी गार होईपर्यंत बघत बसले.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. बाजाराच्या आदल्या दिवशी पहिल्या चार डब्यांवर मी नुसतंच ‘कॉर्न स्नेक’ लिहिलं होतं. लेकीने वाचलं आणि म्हणाली, "डास श्टिम्ट डोख निष्ट." हे तर खरं नाहीये. मी तिला म्हटलं, अजून लिहून पूर्ण कुठं झालंय.