आईच्या नावाची फाइल

बाबा,

तुमचा आत्ताच डोळा लागलाय आणि टॅक्सी दारात आलीय. गोळ्या टेबलावर आहेत, भाजी फ्रिजमध्ये.

परवा विद्यापीठाने माझ्या फेलोशिपच्या कागदांसोबत आपल्याच पत्त्यावरची एक जुनी फाइल पाठवली. अनुवादासाठी आईचीही तिथे निवड झाली होती. त्यांना गेलेलं उत्तर तुमच्या अक्षरात आहे: ‘पत्नीचे निधन झाले आहे.’ तारीख माझ्या सातव्या वाढदिवसाची. त्या दिवशी आई माझी वेणी घालत होती, बाबा.

पुढे बारा वर्षं, अगदी मरेपर्यंत, ती पोस्टमनची वाट बघत राहिली आणि तुम्ही ‘येईल गं पत्र’ म्हणत राहिलात. अजूनही दाराशी पावलं वाजली की ती लगबगीने उठल्याचा भास होतो मला.

तिचा शब्दकोश नेतेय. कुणी माझी चौकशी केली, तर जिवंत आहे म्हणून सांगा.