बघण्याचे पैसे

२४ फेब्रु., सोम.

सकाळी मेसेज: धुळ्याच्या खात्यातून कार्डाचा वार्षिक आकार वजा. दुपारी दुसरा: मेसेज पाठवण्याचा आकार वजा. म्हणजे पैसे कापले हे कळवण्याचेही पैसे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना आम्ही असं बिल लावलं असतं तर लोकांनी फोन दारात आणून टाकले असते.

आई गेल्यापासून त्या खात्यातून कोणी एक रुपया काढलेला नाही. तिने माझं आणि धाकट्या भावाचं, नानाचं, दोघांचं नाव घालून ठेवलं होतं. कार्ड नानाकडे, कारण तो धुळ्याला. मेसेज मला, कारण त्याच्या फोनवर फक्त बोलता येतं. कोणीही एकटा काढू शकतो, पण कोणी काढायचे नाहीत असं ठरलंय. तो म्हणतो तिच्या नावाने पाणपोई. मी म्हणते मुलींच्या वसतिगृहाला द्यावेत. ठरेपर्यंत पैसे तिथेच.

२८ फेब्रु.

११.८० कापले. कशाचे ते लिहिलेलं नाही, नुसती इंग्रजी अक्षरं. काल पण. परवा पण, तेव्हा लक्ष दिलं नाही. कस्टमर केअरला फोन. एक दाबा, चार दाबा, मग गाणं. ठेवून दिला.

७ मार्च

महिना लागल्यापासून शांत होतं. आज पुन्हा ११.८०, सकाळच्या चहाच्या वेळेस. हा चोर महिन्याच्या सुरुवातीला सुट्टी घेतो.

समोरच्या शमीमभाभीकडे ब्लाऊजचं कापड टाकायला गेले होते, तिला सांगितलं. मशीन थांबवून म्हणाली, "अक्का, अकरा रुपयांसाठी कोण चोरी करतं?"

म्हटलं, "जो शहाणा असतो तो. अकरा रुपयांसाठी कोणी भांडायला जात नाही."

"तुम्ही जाल."

"मी जाईन."

ब्लाऊज आखाजीच्या आत पाहिजे म्हणून बजावलं, अक्षय्य तृतीयेला माहेरी जायचं असतं. तिच्या "आत"चा अर्थ मला माहीत आहे.

१८ मार्च, मंगळ.

बँकेत. इथल्या शाखेत खातं दिसतं म्हणे. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "मॅडम, मार्च एंड आहे." म्हटलं, "माझा नाही." तेव्हा बघितलं तिने.

हे बॅलन्स इन्क्वायरीचे चार्जेस, म्हणाली. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर महिन्यात पाचदा फुकट, मग दरवेळी कापतात.

"पैसे कोणी काढले नाहीत, मॅडम. फक्त शिल्लक बघतंय."

"कुठे?"

"धुळे. बस स्टँडजवळचं मशीन."

"रोज?"

"जवळजवळ."

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. घर फोडणारा आधी चार फेऱ्या मारून जातो.

नाना नव्हे. त्याला मशीनची भीती. कार्ड पोस्टाने आलं तेव्हा पाकीट महिनाभर देवघरात होतं, हळदीकुंकू लावून. आयुष्यभर बसची इंजिनं उघडली, पण चार आकडी नंबर दाबायचा म्हटलं की हात मागे.

मग बस स्टँडवर रोज सकाळी कोण जातं? सुषमा. त्याची सून. साक्रीला औषधाच्या दुकानात नोकरी, पहिल्या-दुसऱ्या गाडीने जाते. नवरा नाशिकला. घरातली सगळी कपाटं तिच्या हातात.

घाई करायची नाही. पण लिहून ठेवते.

३० मार्च, पाडवा

नानाचा फोन. "अक्का, गुढी उभारी का?" उभारली म्हटलं. मग सहज विचारल्यासारखं: "नाना, आईचं ते खातं जळगावला आणू का? मला इथून बघायला सोपं."

"कशाले?"

"उगाच."

"राहू दे ना मंग तठेच."

आवाज बदलला होता. त्याला कोणी पढवलंय.

आणखी एक. दर पाडव्याला हा फोन ठेवताना म्हणतो, "आखाजीले मी येस लेवाले, पिशवी भरी ठेव." लग्न झालं तेव्हापासून मला माहेरी न्यायला येणारा मुराळी तोच. आधी सायकलवर स्टेशनपर्यंत, मग एसटीने. मी म्हणते या वयात मला न्यायला कोण कशाला हवं, मला गाडी कळते. तो म्हणतो, "मायनं सांगेल शे." आई होती तेव्हाही हेच म्हणायचा, ती गेल्यावरही हेच.

आज म्हणाला नाही.

९ एप्रिल

पुन्हा सुरू. पहिले दिवस गप्प, मग रोज ११.८०. सुषमाला फोन लावला. गाडीत होती, कंडक्टरचा आवाज येत होता. आडपडदा ठेवला नाही.

"आमच्या आईचे पैसे मोजून झाले का?"

"काय म्हणालात?"

"रोज सकाळी स्टँडवर मशीनमध्ये कोण बघतं? मला मेसेज येतो."

एकदम शांतपणे, "अक्का, ते कार्ड मी हातात घेतलेलं नाही. विचारायचं तर तुमच्या भावाला विचारा. मला कशाला विचारता, मी बाहेरून आले म्हणून?"

ठेवला तिने. मी नाही.

चांगली बोलते. दोषी माणसं जास्त चांगली बोलतात.

१५ एप्रिल, मंगळ.

आज कार्ड बंद केलं. तात्पुरतं. एक दाबा, चार दाबा, गाणं संपेपर्यंत थांबले. पलीकडच्या मुलाने विचारलं, "कार्ड हरवलंय का मॅम?" म्हटलं, "अजून नाही."

नानाला सांगितलं नाही. सांगितलं की त्या घरात सगळ्यांना कळतं.

१७ एप्रिल

सकाळी नानाचा फोन. मागे बसचे हॉर्न.

"अक्का, तू बंद करं का?"

"काय?"

"कार्ड. मशीननं बाहेर फेकी दिन्हं. मांगे लाइन व्हती. एक पोऱ्या म्हणे, बाबा, खातं खाली शे तुमचं."

तू मशीनवर काय करतोस, विचारलं.

मग सगळं बाहेर पडलं, मराठीत आणि अहिराणीत मिसळून. डॉक्टरने सकाळी चालायला सांगितलंय. चालत स्टँडपर्यंत जातो, आणि तिथल्या वॉचमनने शिकवल्यापासून स्वतः कार्ड घालून बघतो. एकदा कार्डाचे आणि मेसेजचे पैसे कमी झालेले दिसले. कोणी काढले? कार्ड तर त्याच्या खिशात. म्हणजे मोबाईलमधून. मोबाईल कोणाचा? तेव्हापासून रोज बघतो.

"मी रोज देखस. रोज कमी. थोडं थोडं. मी काय येडा शे का, अक्का? तुले पाहिजे व्हतात तर मांगी लेती."

कट्ट्यावर बसले. साठी उलटलेला माझा भाऊ. त्याला पाढे मी शिकवले.

तो बघतो. बघितल्याचे कापतात. दुसऱ्या दिवशी कमी दिसतात म्हणून पुन्हा बघतो.

सांगितलं त्याला. सावकाश सांगितलं. तू बघितलंस की पैसे कापतात, आणि त्याच क्षणी माझ्या फोनची घंटी वाजते. बँकेतल्या मुलीने मला छापील कागद दिलाय.

तो म्हणाला, "देखाना कोठे पैसा लागतंस का?"

फोन बंद.

मलाही पटलं नव्हतं, छापील कागद हातात असून.

१८ एप्रिल

फोन उचलत नाही. रिंग पूर्ण जाते.

सुषमाचं काय करायचं हाही प्रश्न आहे.

२१ एप्रिल, सोम.

बँकेत जाऊन कार्ड चालू करायला सांगितलं. सगळे चार्जेस, कार्डाचे, मेसेजचे, बघण्याचे, माझ्या खात्यातून तिकडे भरले. आई गेली त्या दिवशी जेवढे होते तेवढे पुन्हा केले, वर व्याज आहेच. मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढ्यासाठी कशाला? त्यांना आपल्याच बँकेच्या मशीनवर जायला सांगा ना." आपल्या बँकेचं मशीन त्याच्या घरापासून चालायच्या टप्प्यात नाही. आणि तो आता माझं ऐकून कुठे जाणार आहे.

पण आकडा पूर्ण दिसला की शंका मिटेल. हिशोबाला हिशोब.

२४ एप्रिल

सुषमाचा फोन आला, तिनेच केला. "अक्का, तुम्ही पैसे भरलेत का?"

"भरले. कापलेले सगळे."

"कशाला भरलेत." प्रश्न नव्हता तो. "मामंजी सकाळपासून सगळ्या गल्लीला सांगतायत. 'भरी दिन्हात पैसा. म्हणजे काढेल व्हतात ना?'"

विचार करून पाहिला तर त्याच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं. एकाच आईची आम्ही दोघं.

सुषमाला म्हटलं, "तुझं नाव घेतलं ते माझं चुकलं."

"फोनवर नको," म्हणाली. "आखाजीला याल ना. तेव्हा म्हणा, माझ्यासमोर. त्यांच्यासमोर."

"बोलावलं तर येईन."

"ते त्यांनी बोलवायचं. मी कोण बोलावणारी."

बरोबर बोलली. मुराळी भावाने यायचा असतो. सुनेने फोन करून नणंद-आत्या गोळा करायची पद्धत आमच्याकडे नाही. आणि मी न बोलावता पिशवी घेऊन त्याच्या दारात उभी राहणार नाही. मग पूर्वजांच्या घागरीवर आईच्या नावाचं डांगर, म्हणजे खरबूज, तो एकटाच ठेवील, आणि सांजोऱ्या सुषमा एकटी करील. करू देत.

शेवटी तिला एवढंच म्हटलं: त्याला सांग, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मशीनवरही नको. धुळ्याच्या शाखेत जाऊन स्वतः विचार, माणसाला विचार.

"बघते," म्हणाली. "पण आपलं बोलणं झालं हे त्यांना कळू देऊ नका. नाहीतर मीही तुमच्यात धरली जाईन."

हुशार आहे. आधी बघायला हवं होतं मी.

२६ एप्रिल

शमीमभाभीने ब्लाऊज आणून दिला. वेळेआधी. आयुष्यात पहिल्यांदा.

"कधी येतायत न्यायला?"

"अजून काही नाही."

"मग मी उगाच घाई केली." दारातच उभी राहिली थोडी. "माझा भाऊ भुसावळला. चार वर्षं झाली, बोलत नाही. एका शिलाई मशीनवरून. आणि ते मशीन बंद पडलेलं आहे, अक्का."

चहा घेऊन जा म्हटलं. नको म्हणाली, कापड अंगावर आहे लोकांचं, लग्नसराई.

२८ एप्रिल, सोम.

सुषमाचा मेसेज, दुपारी. तसाच उतरवते: "आज बँकेत जाऊन आले. बराच वेळ होते. काय झालं विचारलं तर काही बोलत नाहीत. पाणपोईबद्दल पण काही बोलत नाहीत. पण जेवले नीट. कार्ड देवघरात ठेवलंय."

देवघरात. म्हणजे कळलंय. किंवा मशीनवरचाच राग.

संध्याकाळी दोनदा फोन हातात घेतला. लावला नाही. मी मोठी आहे, पण मुराळीच्या बाबतीत मोठेपणा चालत नाही. इथे त्यानेच पुढे यायचं असतं.

पिशवी कपाटावरून काढली. झटकली. परत ठेवली.

२९ एप्रिल, मंगळ.

उद्या आखाजी.

फोनची घंटी. अजून चहा ठेवला नव्हता. त्याची रोजची वेळ यापेक्षा उशिराची.

११.८०. धुळे.

कार्ड देवघरातून निघालं तर. बँकेत माणसाला विचारून आला, बघण्याचे पैसे लागतात हे त्याला आता माहीत आहे. तरी बघितलं. फुकटचे पाचही या महिन्यात कधीच संपले आहेत, तेही त्यांनी सांगितलंच असेल.

मी भरलेले परत काढले की काय, ते बघायला गेला असेल. तसा आहे तो. नसता तर माझा भाऊ नसता.

पण घंटी माझ्या फोनवर वाजते हेही त्याला माहीत आहे. मीच सांगितलंय. आणि मशीन स्टँडजवळ आहे. आणि जळगावची पहिली गाडी याच सुमाराला लागते.

त्याला फोन करून विचारणार नाही. "कोठे शे?" म्हटलं आणि तो "घरी" म्हणाला तर?

पारोळा, एरंडोल, मग इथलं स्टँड, तिथून रिक्षा. तो रिक्षा करणार नाही, चालत येईल. डॉक्टरने सांगितलंय म्हणेल.

पिशवी खाली काढली आहे. नवा ब्लाऊज वर ठेवलाय, आत नाही.

दार लावलेलंच आहे. कडी तेवढी काढून ठेवली.