दाताला लावलेला मोती

बाबा, आज नातीच्या नथीची तार तुटली. मोती हातात घेऊन मी खिडकीशी गेले आणि सवयीनं दाताला लावला. नात म्हणाली, "आजी, खाऊन राहिली का तो?" तुम्ही आठवलात. बरं नाही वाटलं.

अमरावतीच्या दुकानात तुम्ही मला दारातल्या उजेडात बसवायचात. दिव्याखाली मोती बघायचा नाही, दिव्याखाली सगळेच गोरे दिसतात. आधी पाणी बघायचं, मग भोकाची कड, शेवटी दाताच्या टोकावर हळूच घासायचा. "खरखरला तं खरा. घसरला तं काच." मी चुकले की गिऱ्हाइकांसमोर म्हणायचात, "हिले दात कायले देले देवानं?" कापसाला सोन्याचा भाव आलेली ती वर्षं. खेड्यापाड्यातून माणसं नथी घ्यायला येत, आणि तुम्ही खरा म्हटलं की तो खरा.

लग्नाच्या सकाळी माझी नथ मी गुपचूप दाताला लावली. सगळे मोती घसरले. तुमची चूक होणार नाही, म्हणून मी माझाच दात खोटा ठरवला. अकोल्याला सासरी वर्षभरात मोत्यांच्या भोकांपाशी पापुद्रे सुटले, आतली काच दिसली. सासूबाईंनी तुम्हाला बोलावून घेतलं. घरातल्या सगळ्यांसमोर तुम्ही एकेक मोती दाताला लावलात, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि म्हणालात, "मी देले ते हे नाहीत." एवढ्या मोठ्या पारख्यानं पोटच्या पोरीला काच दिली असेल, हे कोणाच्या मनात येणार? खरे मोती मीच विकले, असं ठरलं. मग तुम्ही जेवायला बसलात. पुरणपोळी मी वाढली, तुम्ही आणखी तूप मागितलंत. त्या घराच्या किल्ल्या पुढं धाकट्या जावेकडे गेल्या, माझ्याकडे कधीच आल्या नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मुखात ठेवायचा मोती दादानं माझ्या हाती दिला. "बाबाची पारख तुलेच आली," म्हणाला. नथ मी कनवटीला लावून आणली होती. मी तुळशीचं पान ठेवलं, सोन्याचा तुकडा ठेवला, आणि नथीतली काच ठेवली. दातांवरून ती अगदी सहज घसरली.

तुमच्या दुकानात आता कापसाचा दलाल बसतो. हा कागद पाठवू तरी कुठं? नातीच्या नथीतला मोती खरखरतो, बाबा. तो तुमच्या तोंडात ठेवायचा होता. अकोल्यात मला चोर म्हणायचे, ते त्या दिवशी खरं झालं.