लांबडं जेवेना

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, म्हणून आपल्या दोघींच्या मधे सून बसवली आहे. मी बोलते, ती कॉम्प्युटरवर बडवते. सांगितलेलंच लिहिते की स्वतःचं घालते, हे मला कळायला मार्ग नाही. आत्ताच म्हणाली, "आई, तुमचा एक शब्दही मी बदलत नाही हो." हेही तिनंच लिहिलंय, तेव्हा खरं धरू.

तुला जाऊन जन्म लोटला. मी आता मुलाकडे असते, हॉलंडात, फोरबर्गला. मागच्या दाराशी कालवा आहे, त्यात बदकं आहेत, आणि घरात साप आहे. दचकू नकोस. नातीनं पाळलाय. बारा वर्षांची पोर, सगळ्यांनी मांजर घे, ससा घे म्हणून सांगितलं, तर हिनं आणलं एवढंसं लांबडं. संध्याकाळी नाव घ्यायचं नाही ही तुझी शिकवण अजून जिभेवर आहे, म्हणून मी त्याला दिवसाही लांबडंच म्हणते. नारिंगी रंगाचं, करंगळीहून बारीक, बिनविषारी, नुकतंच अंड्यातून आलेलं. काचेच्या पेटीत राहतं, खालून ऊब देतात. पेटी स्वयंपाकघरात, कारण बाकी घर गार. तू नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही म्हणून घर डोक्यावर घ्यायचीस. आमच्याकडे आता बारा महिने नागपंचमी, आणि मी त्याच्या नाकासमोर कांदा चिरते.

तर हे लांबडं जेवेना. त्याचं जेवण म्हणजे उंदराची पिल्लं, गुलाबी, बिनकेसांची, गोठवलेली. फ्रीझरमध्ये माझ्या किसलेल्या खोबऱ्याशेजारी त्यांचा डबा. एक काढायचं, कोमट पाण्यात ठेवायचं, चिमट्यात धरून त्याच्यापुढे हलवायचं. नात हलवायची, ते मान वळवायचं. पहिल्यांदा मी आपली शहाणी, वाटीत दूध आणि चार लाह्या घेऊन गेले. नात ओरडली, "आजी, ने! साप दूध पीत नाही, ही विल गेट सिक!" मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र दोन-तीन देश फिरून येतं. म्हणजे आई, वारुळापाशी आपण वर्षानुवर्षं ओतलेलं दूध मुंग्यांनी प्यायलं. तुला हे सांगायचंच होतं.

मग सगळं घर लागलं मागे. तुला आपली माणसं ठाऊक आहेत, पाहुणा नको म्हणाला की आपल्याला जास्त चेव येतो. मुलगा ऑफिसातून आला की बूटसुद्धा न काढता पेटीपाशी, "घे रे, घे बाळा." सून उंदराकडे बघायचं नाही म्हणून डोळे मिटून, पण तीही तिथंच, "एक तरी खा." शनिवारी मुलाचे मित्र आले, तेही पेटीभोवती उकिडवे बसले. एकानं तर, "वहिनी, जरा गरम करून वाढा ना," म्हणून घेतलं. मीही होतेच. पाचसहा मोठी तोंडं काचेला लावलेली आणि आत ते एवढंसं जीव मुठीत धरून बसलेलं. ज्या काट्यावर मी रवा मोजते त्यावर नात त्याला तोलायची, आणि दर वेळी तिचं तोंड उतरायचं. शेवटी जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं. ती म्हणाली, या आठवड्यात खाल्लं नाही तर घशात नळी घालून भरवावं लागेल, पण एवढ्या लहानग्याला ते सोसेलच असं नाही. आणखीही काही बोलली, ते मला समजलं नाही. घरी येताना ट्राममध्ये मी नातीला विचारलं. म्हणाली, "त्याला रुस्ट पाहिजे."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे शांत. कुणी नको. नो पीपल, आजी." आणि जॅकेटची टोपी ओढून घेतली. ती रडताना टोपी ओढते.

आई, तेव्हा मला तू आठवलीस. खरं तर तुझी पाठ आठवली.

माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा मी तुझ्याकडेच होते, बाळंतपणाला आलेली. पाळणा माळ्यावर गेला होता आणि माझं अंगावरचं दूध अजून आटलं नव्हतं. मी खाणं सोडलं. ठरवून नाही, घास आत जात नव्हता. आळीतल्या बाया येतात, माझ्याभोवती बसतात. एकीच्या हातात भाकरी, एकीच्या हातात लाडू. "खा गं बाई, माझ्या हातचा एक घास." "आईकडं बघून तरी खा." माझी हनुवटी धरून तोंड उघडायला बघतात. तू चुलीपाशी आहेस. आणि एकाएकी तू उठतेस, "उठा गं बायांनो. तिच्या तोंडाकडं काय बघताय? घरी कामं नाहीत का?" आत्यासुद्धा उठली, तणतणत. मग तू हुलग्याचं माडगं वाटीत ओतलंस, माझ्याजवळ ठेवलंस, वर ताटली झाकलीस. खा म्हणाली नाहीस. माझ्याकडे पाठ करून बसलीस आणि पितळी परात घासायला घेतलीस, चिंच लावून, राख लावून.

मला इतका राग आला होता तुझा. माझं लेकरू गेलं आणि हिला परात सुचते. त्या पाठीकडे बघत मी किती वेळ बसले कोण जाणे, आणि रागारागातच ताटली काढली. तुझ्या पाठीला दाखवायला म्हणून पहिला घोट घेतला. दुसरा मात्र माझा मी घेतला. त्यावर आपण कधी बोललो नाही. बायांना तू दारातून सांगितलंस, "खाल्लं म्हणे तिनं. मी कुठं बघितलं? मी तर परात घासत होते."

ट्राममधून उतरले आणि घरी हुकूम सोडला. रविवारी जेवणं झाली की सगळ्यांनी बाहेर जायचं, सायकली घ्या, कालव्यानं लांब जा. मुलगा म्हणाला, "आई, तू एकटी बसणार सापापाशी?"

"तुझ्या वडिलांपाशी आख्खा जन्म बसले, हा तर चावतसुद्धा नाही."

नारळ फोडला होता, त्याची करवंटी घासूनपुसून, कडेला खाच पाडून पेटीत पालथी ठेवली. लांबडं आत शिरलं, जसं काही घर त्याच्याच नावावर होतं. नातीनं उंदीर ऊन करून, टिपून खाचेच्या तोंडाशी ठेवला. जाताना दारातून म्हणाली, "आजी, बघायचं नाही हं. प्रॉमिस." मी म्हटलं, "जा गं." आणि पेटीकडे पाठ करून, ओव्हनसमोर स्टूल ओढून मेथी निवडायला बसले.

घर एवढं गप्प मी इथं आल्यापासून ऐकलं नव्हतं. मेथीची अर्धी जुडी झाली. ओव्हनचं दार काळ्या काचेचं आहे, आई. सून रोज पुसते. त्यात माझं पांढरं डोकं दिसतं आणि डोक्याच्या बाजूनं मागची पेटी. खाचेतून नारिंगी टोक बाहेर आलं. जीभ लवलवली. मागे गेलं. मी हातातली काडी तशीच धरून बसले. परत आलं, उंदराला हुंगलं, आणि डोक्याकडून धरलं. केवढंसं ते तोंड, केवढं उघडलं. घास गळ्यातून हळूहळू खाली सरकताना दिसत होता आणि इकडे मी गिळत होते, काहीही तोंडात नसताना.

तिथं बसल्या बसल्या कळलं. ती परात तू आदल्या दिवशीच घासली होतीस, तोंड दिसेल इतकी लख्ख. आणि मी वाटी रिकामी करून खाली ठेवायच्या आत तुझा हात मागे आला होता, वाटी घ्यायला, मान न वळवता.

नात आली, तिनं पेटीत बघितलं आणि खालीच बसली, सायकलचं हेल्मेट डोक्यावर तसंच. मग माझ्या मांडीत तोंड खुपसून मेथीसकट मला मिठी मारली. लांबडं करवंटीत पोट फुगवून झोपलं होतं.

सून विचारते आहे, हे ठेवू कुठं? म्हटलं, ठेव तुझ्या त्या मशीनमध्ये, पाठवायचं तर नाहीच. आणि नातीला वाचून दाखवू नकोस. तिनं मला विचारलं होतं, "आजी, तू बघितलं?" मी म्हटलं, मी कुठं बघितलं, मी तर मेथी निवडत होते.