मॅग्नेशियमचं पाणी

प्रिय अशू,

तुझे फोन दिसतात. मुद्दाम घेत नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. रागावली असशील तर खुशाल रागाव, माझ्याच्याने तेवढंही होत नाहीये. आई गेल्यापासून मला काहीच वाटत नाही. जेवते, झोपते, भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा करते.

दुखवट्याला आलेला माणूस 'येतो' म्हणत नाही, गुपचूप उठून जातो. आपल्याकडे हे कुणी शिकवावं लागत नाही. पण उषाकाकू निघाल्या तशी मी दारापर्यंत गेले आणि सवयीने म्हणाले, "या हं परत." बाबांनी मान खाली घातली. मला लाजही वाटली नाही. तू असतीस तर तोंडात ओढणी कोंबून हसली असतीस, आणि मग कदाचित आपण दोघी रडलो असतो.

आईचे दिवस झाल्याबरोबर इथल्या सिटी सेंटर भागातल्या माझ्या प्रयोगशाळेत जायला लागले. तू माझ्या कामाला 'ताईचे जंतू' म्हणतेस. जंतू नव्हेत ग, पेशी. प्रत्येक पेशीत एटीपी असतं. आत असेपर्यंत ते तिचं इंधन. शेजारची एखादी पेशी फुटली की ते बाहेर सांडतं, आणि मग बाकीच्यांसाठी तीच बातमी होते. ती ओळखणारे ग्राही पेशीच्या पटलावर बसलेले असतात. बातमी थोडी असेल तर ते किलकिले होतात, क्षारांची जरा ये-जा होते. ती येतच राहिली तर वाट इतकी रुंदावते की एरवी बाहेरच राहणारा रंगही आत शिरतो आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चमकू लागते. वेळेवर एटीपी धुऊन काढलं तर पटल पुन्हा मिटतं, पेशी जगते. फार उशीर झाला तर मरते.

गेल्या आठवड्यात एकही पेशी चमकेना. मी नुसती काळोखाकडे बघत बसले. माझी विद्यार्थिनी गरिमा, तिने बाटली उचलून पाहिली आणि हळूच म्हणाली, "दीदी, आपने मैग्नीशियम वाला सलाइन ले लिया." पाण्यात मॅग्नेशियम जास्त असलं की ते एटीपीला धरून ठेवतं. पेशी ठणठणीत होत्या, त्यांच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

तेव्हा मला पद्मामावशी आठवली. आई गेली त्या सकाळी तिने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं होतं. "अश्लेषाला सातवा चाललाय, फोनवर रडशीलबिडशील तर बघ." डॉक्टरांनी तुला प्रवास करू दिला नाही, म्हणून तू पुण्यातच राहिलीस. मी शहाण्यासारखं मावशीचं ऐकलं. तुझ्याशी कोरडं बोलले, मग कोरडंही बोलवेना, म्हणून फोन घ्यायचंच सोडलं. बाबांसमोर रडायचं नाही, कारण त्यांचं बीपी. पाहुण्यांसमोर नाही, कारण बाबा बघतील. मावशीचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तीही गॅसपाशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

काल मी तुझ्या नवऱ्याला, अभिरामना, फोन केला. तुझ्या डॉक्टरांना विचारा म्हटलं, दोघी बहिणी रडल्या तर बाळाला काही होईल का. डॉक्टरबाई म्हणाल्या, कोंडून ठेवण्यापेक्षा रडलेलं बरं. म्हणून हे पत्र. शनिवारच्या गाडीने मी बाबांना घेऊन निघते. मला भीती वाटते अशू, एकदा सुरू झालं की थांबणार नाही अशी. नाहीच थांबलं तर तू थांबव, तुला ते जमतं. दार उघडलंस की चहाचं विचारू नकोस, प्रवास कसा झाला तेही नको. आई कशी गेली, ते विचार. तिच्याजवळ मी एकटीच होते, आणि मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तुझीच,
सीमंतिनीताई